पप्पांचं वाक्य

मागच्या महिन्यात पुन्हा एक बाई माझे हात धरून रडल्या. ऑकलंडजवळच्या पापाकुराच्या लायब्ररीत मी पुस्तकं परत करायला गेले होते. त्या बाई कुठल्याशा क्वायरमध्ये गातात आणि कुणीतरी त्यांना माझ्याबद्दल सांगितलं होतं. "त्या गाण्यातली मुलगी तूच ना?" असं विचारून त्यांनी सरळ माझे हात धरले. आपल्या आईच्या फ्युनरलला ते गाणं कसं गायलं, सगळे कसे हुंदके देत होते, हे त्या सांगत राहिल्या. "किती भाग्यवान आहेस तू," असंही म्हणाल्या. मी हात सोडवून घेतले. वर्षा-दोन वर्षांनी असं कुणीतरी भेटतंच. आता तर अमेरिकेतल्या काही मंडळींना रसेलच्या, म्हणजे ते गाणं लिहिणाऱ्या माझ्या सावत्र वडिलांच्या, आठवणींचं पुस्तक काढायचंय आणि त्यात माझी दोन पानं हवी आहेत. असं संगीत ज्या घरात जन्मतं त्या घरात वाढणं कसं होतं, ते लिहा म्हणतात. त्यांना मी उत्तर दिलेलं नाही. मला जे सांगायचंय ते इथे सांगते, आणि मराठीत सांगते, म्हणजे ज्यांना रडायची हौस आहे त्यांना ते वाचता येणार नाही.

रसेल घरात येण्याआधीचं आमचं घर आधी सांगायला हवं. न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थमध्ये, नदीकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर, पत्र्याच्या छपराचं लाकडी घर. पप्पा एका संशोधन संस्थेत गवतावर काम करायचे. पिंपरीचे नातेवाईक म्हणायचे, एवढं शिकला आणि परदेशात जाऊन गवतच उपटतोय. पप्पांना त्याचं काही वाटायचं नाही, उलट तेच ही गोष्ट सगळ्यांना सांगत सुटायचे. आई हॉस्पिटलच्या फार्मसीत होती. घर सतत वाजत असायचं. कुकरच्या शिट्ट्या, भाकरी थापल्याचा आवाज, तव्यावर सुकट परतायला घेतलं की पप्पांची खिडक्या उघडायची धावपळ. रविवारी सकाळी हॉलमधल्या बुद्धाच्या मूर्तीसमोर आम्ही तिघं बसून वंदना म्हणायचो. पप्पा बेसूर होते, आणि बेसूर माणसाने निदान हळू म्हणावं हे त्यांना मान्य नव्हतं. आंघोळ करताना गायचे, सायकलचं पंक्चर काढताना गायचे. मी आणि आई एकमेकींकडे बघून हसायचो.

ते गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्या दिवशी आईची सकाळची ड्युटी होती, ती अंधारातच निघून गेली होती. पप्पांनी माझा डबा भरला, मला फाटकापर्यंत सोडलं, सायकलवर टांग टाकली आणि जाता जाता मागे वळून मला एक वाक्य म्हणाले. वाक्य काही विशेष नव्हतं. आमच्या गावात वारा फार, आणि मी जर्सी विसरले होते, त्याबद्दलच होतं. पुलाच्या अलीकडे ते सायकलवरून पडले. हार्ट अटॅक होता. ॲम्ब्युलन्स येण्याआधीच सगळं संपलं होतं. मला वर्गातून बोलावून घेतलं तेव्हा माझ्या अंगात ती जर्सी होती, कारण मी परत घरात जाऊन ती घातली होती.

त्यानंतर आई रडली नाही. तिने पप्पांचे कपडे कुणाला देऊन टाकले, फोटो कपाटात ठेवले आणि पुढच्याच आठवड्यात कामावर जायला लागली. मी "पप्पा" असं म्हटलं की ती सिंकचा नळ सोडून भांडी घासायला लागायची. घासलेलीच भांडी पुन्हा घासायची. काही दिवसांनी मी म्हणायचंच सोडलं. पप्पांचं ते वाक्य मला तिला सांगायचं होतं. पण नळाच्या आवाजात ते कसं सांगणार?

फार्मसीत तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईने तिला ओढून गावातल्या क्वायरमध्ये नेलं. आईने उभ्या आयुष्यात वंदनेपलीकडे काही गायलं नव्हतं. तिथे रसेल होता.

रसेल अमेरिकेतल्या बर्फाच्या प्रदेशातला, एका पाद्र्याचा मुलगा. त्याचं लहानपण चर्चच्या बाकांवर गेलं. चार पट्ट्यांच्या चार आवाजांत एकत्र गाणं तो आधी शिकला आणि वाचायला नंतर, असं तो सांगायचा. एका वर्षाच्या नोकरीवर गाण्याचा शिक्षक म्हणून न्यूझीलंडला आला आणि इथेच राहिला. तिकडचं लग्न तोवर मोडलं होतं. उंच, वाकलेला, हात खूप मोठे, आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढे झुकावं लागे. क्वायरसाठी छोटी छोटी गाणी लिहायचा. चार चर्चमध्ये गायली जायची आणि विसरली जायची. त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. आई त्याच्याकडे जायला लागल्यावर हळूहळू जेवायला लागली, हे मी नाकारत नाही. मी चौदा वर्षांची असताना त्यांनी लग्न केलं. ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या संध्यामावशींनी, म्हणजे आईच्या नर्स मैत्रिणीने, फोनवर विचारलं, "स्वभावाने कसा आहे?" आई म्हणाली, "शांत आहे." ते शब्दशः खरं होतं.

तो आला आणि घर शांत झालं. त्याने कधीही काही मनाई केली नाही. तो फक्त मान एका बाजूला कलती करून विनंती करायचा. कुकरची शिट्टी त्याच्या कानात तासभर राहायची, म्हणून आई तो घराबाहेर असतानाच कुकर लावायची. मिरचीच्या खाटाने त्याचा घसा धरायचा, म्हणून ठेचा गॅरेजमध्ये व्हायला लागला. कारच्या शेजारी, कॅम्पिंगच्या स्टोव्हवर. हॉलमध्ये त्याचा पियानो आला आणि बुद्धाची मूर्ती पॅसेजमध्ये, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटाशेजारी गेली. आमची वंदना एकदा दारात उभा राहून ऐकली आणि म्हणाला, "किती सुंदर ड्रोन आहे." म्हणजे आपल्याकडे तंबोरा मागे वाजत राहतो तसा नुसता लागून राहिलेला सूर. शब्दांना काही अर्थ असेल हे त्याच्या गावीही नव्हतं. पुढच्या रविवारी मी वंदनेला बसले नाही. त्यानंतर आईही बसली नाही.

आणि तरीही, तो शिक्षक म्हणून फार मोठा होता. हे लिहिताना मला राग येतो, पण लिहिलंच पाहिजे. मी त्याच्या क्वायरमध्ये गायला लागले ते आईसाठी, आणि टिकले ते त्याच्यामुळे. लांब ओळ न तोडता कशी गायची हे त्याने आम्हाला शिकवलं. शेजारचा श्वास घेतो तेव्हा आपण घ्यायचा नाही, तो परत आला की आपण हळूच थांबायचं, मग ऐकणाऱ्याला वाटतं की आवाज संपतच नाही. "तुम्ही एकमेकांसाठी श्वास धरून ठेवता," तो म्हणायचा. चाळीस माणसं असं गात असताना मध्ये उभं राहणं काय असतं, ते मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. मला ते त्याने दिलं. माझा त्याच्यावर विश्वास बसला तो तिथे, घरात नाही.

म्हणून मी त्याला सांगितलं. सोळा वर्षांची होते, तो मला गाडी शिकवत होता. ॲशहर्स्टच्या रस्त्यावर, डोंगरावरच्या पवनचक्क्या गरगरत होत्या आणि वाऱ्याचा एक झोत असा आला की गाडी एका बाजूला ढकलली गेली. मी घाबरून कडेला थांबवली. तो म्हणाला, "वाऱ्याशी भांडू नकोस. हाताला कळू दे तो किती आहे." आणि का कुणास ठाऊक, मी बोलायला लागले. पप्पांचं ते वाक्य मी त्याला सांगितलं, अर्थातच इंग्रजीत. फाटक, सायकल, मागे वळलेली मान, सगळं. चार वर्षांत पहिल्यांदा सांगत होते. त्याने काही विचारलं नाही. शेवटी "थँक यू" म्हणाला. मला ते त्या वेळी फार सुसंस्कृत वाटलं होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात पियानोवर एक नवी चाल वाजायला लागली. माझ्या खोलीची भिंत हॉलला लागून होती. चाल चार सूर वर जायची, थांबायची, आणि मग जिना चुकल्यासारखी खाली यायची. मला ती आवडली. शाळेत जाताना मी ती गुणगुणायचे. एकदा मी ती किचनमध्ये गुणगुणत असताना आईच्या हातातला चमचा थांबला. मला वाटलं, तिलाही आवडली असेल.

रिहर्सल शनिवारी एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये असायची. गॅस हीटरचा वास, नळ असलेल्या मोठ्या किटलीत उकळणारं पाणी, डब्यात आल्याची बिस्किटं. रसेलने नव्या गाण्याच्या कॉप्या वाटल्या. आधी शब्द न घेता नुसतं "नू" वर गाऊया म्हणाला. आम्ही गायलो, आणि चारही आवाज लागले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. इतकं ते सुंदर होतं. मग तो म्हणाला, "आता शब्द." मी कागदाकडे बघितलं. वरच्या ओळींत एक फाटक होतं, एक सायकल होती. आणि चार सुरांची ती चाल जिथे वर जाऊन थांबते तिथे ते वाक्य होतं. जर्सी घे, वारा वाढतोय, अशा अर्थाचं. त्याच्यापुढे त्याने "माय लव्ह" जोडलं होतं. पप्पांनी मला जन्मात कधी असं म्हटलं नव्हतं. सोप्रानोंना, म्हणजे सगळ्यांत उंच पट्टीत गाणाऱ्या बायकांना, लांबवायला एक चांगला स्वर हवा होता, म्हणून ते घातलं होतं. हे मला तिथल्या तिथे कळलं, कारण असं ऐकायला त्यानेच मला शिकवलं होतं.

"ही ओळ एकटीची आहे," रसेल सगळ्यांसमोर म्हणाला. "ती प्रज्ञाच गाऊ शकते. दुसऱ्या कुणी गावी असं मला वाटत नाही."

चाळीस माणसं प्रेमाने माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "नाही."

"सावकाश घे," तो म्हणाला. "आज नाही तर पुढच्या आठवड्यात."

"पुढच्या आठवड्यात नाही. कधीच नाही. हे माझं आहे."

लोकांना वाटलं, मी लाजतेय. माझ्या शेजारी कर्स्टी नावाची मुलगी उभी असायची, माझ्याच वर्गातली. तिने हळूच विचारलं, "यू ओके?" मी कॉपी खुर्चीवर ठेवली आणि सायकल घेऊन समोरून येणाऱ्या वाऱ्यात घरी आले.

आई त्या आठवड्यात रिहर्सलला आली नव्हती. गॅरेजमध्ये ठेच्यासाठी मिरच्या भाजत होती. मी दारातूनच विचारलं, "तुला माहीत होतं?"

तिने स्टोव्ह बंद केला. "त्याने मला विचारलं होतं. मी हो म्हटलं."

"मला कुणी विचारलं?"

"तू लहान आहेस, प्रज्ञा. तुला आत्ता कळणार नाही."

"त्याला सांगताना मी लहान नव्हते?"

यावर ती जे बोलली ते मी विसरलेली नाही. "त्याला सांगितलंस," आई म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं शेवटचं बोलणं चार वर्षं तुझ्याकडे होतं, आणि ते मला पियानोवर ऐकायला मिळालं. त्याच्याकडून. मी त्या दिवशी रडले, कळलं? इतक्या वर्षांनी पहिल्यांदा रडले. मी त्याला नाही कशी म्हणणार होते?"

"मी सांगायला आले की तू नळ सोडायचीस."

तिने मिरच्या खलबत्त्यात घातल्या आणि कांडायला लागली. आम्ही दोघी खोकत होतो, दोघींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दोघींनाही ते मिरचीवर ढकलता येत होतं. मी तिची माफी मागितली नाही, तिनेही माझी मागितली नाही.

रसेल आला तेव्हा मी त्याला सांगितलं, शब्द काढून टाक, चाल तुझी आहे, ती ठेव. तो माझ्यासमोर बसला, मोठे हात गुडघ्यांवर ठेवून. "शब्द काढले तर काही उरत नाही," म्हणाला. "आणि आता ते फक्त तुझे राहिलेले नाहीत. ज्यांचं कुणी गेलंय अशा प्रत्येकाचे आहेत."

"मी त्यांना दिलेले नाहीत."

"तुला राग आलाय, हे मला समजतं. राग हा दुःखाचाच भाग असतो. वर तुझं नाव घालतो मी. 'प्रज्ञासाठी.'"

त्याने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. माझ्या रागालासुद्धा त्याने त्याच्या गाण्यात जागा करून ठेवली होती, आणि मी जितकी ओरडेन तितकं ते गाणं खरं ठरणार होतं. मी उठून गेले. मी क्वायर सोडली, आणि त्यासोबत चाळीस माणसांच्या मध्ये उभं राहून गाणंही सोडलं. ते पुन्हा कधी जमलं नाही. गाणं सुटल्याचा राग मला बाकी सगळ्याहून जास्त आहे.

कॉन्सर्टला मी गेले, कारण आई म्हणाली, "माझ्यासाठी ये." चर्च भरलं होतं. ती ओळ कर्स्टीने गायली. फार छान गायली, तिचा त्यात काही दोष नाही. माझ्या पुढच्या रांगेतले एक वयस्कर शेतकरी टोपीत तोंड घालून रडले. संपल्यावर टाळ्यासुद्धा लगेच वाजल्या नाहीत. मग हॉलमध्ये चहा होता. आईने सकाळपासून तळलेले बटाटेवडे एका टेबलावर होते आणि ती मोठ्या किटलीतून कप भरत होती. रसेलभोवती गर्दी होती. लोक एकेक करून त्याच्याजवळ जात होते, त्याला मिठी मारत होते. मी जवळ गेले तेव्हा एक बाई त्याला म्हणत होत्या, "तुमच्या दुःखाबद्दल फार वाईट वाटतं." आणि त्याने डोळे मिटून मान झुकवली. त्याने ते घेतलं. दहा पावलांवर पप्पांची बायको कपात दूध घालत होती, आणि तिला कुणीही काही म्हणत नव्हतं. फार तर, वडे छान झालेत म्हणत होतं.

"ते माझे वडील होते," मी त्या बाईंना म्हटलं. "याने त्यांना कधी पाहिलेलंही नाही."

बाई गोंधळल्या. रसेल हळूच म्हणाला, "हो, बरोबर आहे, ऑफ कोर्स," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायला गेला. मी मागे सरले. आईने किटलीचा नळ बंद केला तेवढा आवाज ऐकू आला.

घरी जाताना गाडी मी चालवत होते. रसेल शेजारी, आई मागे. आम्ही अर्ध्या वाटेवर आलो. मग मी म्हटलं, "पप्पा माझ्याशी इंग्रजीत बोलायचे नाहीत. कधीच नाही. तू लिहिलंयस ते त्यांनी म्हटलेलंच नाही. ते मराठीत काय म्हणाले, हे विचारायचं तुला एकदाही सुचलं नाही."

तो माझ्याकडे वळला. खरंच चकित झाला होता. "काय म्हणाले?" त्याने विचारलं. "नेमके शब्द काय होते?" आणि मला दिसलं, की गुडघ्यावरचं त्याचं बोट आधीच हलायला लागलंय. ते ठेका मोजत होतं. माझ्या तोंडून अजून एक अक्षर निघालं नव्हतं आणि तो त्याच्यासाठी मात्रा मोकळ्या करून बसला होता.

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. "तुला सांगणार नाही," मी म्हटलं. "मरेपर्यंत नाही." चावी त्याच्या मांडीवर टाकली आणि उरलेलं अंतर चालत गेले.

पुढचं सगळं जगाला माहीत आहे. ते गाणं अमेरिकेत गेलं आणि तिथून सगळीकडे. कुठे अपघात झाला, कुठे गोळीबार झाला, की ते गायलं जातं. रसेलला त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा बोलावणी आली. त्याने पुढे कितीतरी लिहिलं, पण लोकांना ते एकच माहीत आहे. मी शिकायला ऑकलंडला आले आणि इकडचीच झाले. त्याच्याशी मी सभ्यपणे वागले. ख्रिसमसला फोन, वाढदिवसाला कार्ड. गेल्या वर्षी तो वारला. देशोदेशीचे विद्यार्थी आले होते, शंभरावर माणसांनी ते गाणं गायलं, आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोलले नाही. काही जणांना ते आवडलं नाही. त्यांना न आवडायचा हक्क आहे.

आई आता माझ्याकडे असते. तिला नीट ऐकू येत नाही. कुकर पुन्हा हवा तेव्हा वाजतो, आणि तिला तो वाजतोय हे मला सांगावं लागतं. या उन्हाळ्यात एका दुपारी ती डेकवर लसूण सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आता तो नाहीये. आता मला सांग. काय म्हणाला होता तुझा पप्पा?"

मी तिच्याजवळ जाऊन सांगितलं. तिला ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने, पप्पांच्या पट्टीत. ते मी इथे लिहिणार नाही. कागदावर उतरलेल्या गोष्टीचं काय होतं, ते मी पाहिलंय.

आईने गुणगुणायला सुरुवात केली, तीच चार सुरांची चाल, आणि हलक्या आवाजात त्याखाली ते मराठी शब्द घालून बघितले. शब्द चालीच्या पुढे पळाले. तिने पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. या वेळी ते मध्येच अडकले.

"बसत नाही गं," ती म्हणाली.

"नाही बसत," मी म्हटलं.

तिने चाल सोडून दिली. आणि ते वाक्य नुसतंच म्हटलं, पप्पा बोलायचे तसं, घाईघाईत, मागे वळून बोलल्यासारखं.